नाताळबायचा बाक

सोमवार, दसऱ्यानंतरचा. वेळ दुपारची, जागा केंद्राची पडवी. हजर: डॉक्टर नेरुरकर, मेघा, बाबल आणि मी. गैरहजर: नाताळबाय.

शेवटचं नाव सवयीनं लिहिलं गेलं. बाबल आमच्या केंद्राची गाडी चालवतो आणि मी काय लिहिते ते नेहमी मान वाकडी करून वाचतो. तो म्हणाला, "ताई, तां खोडा. बाय कदी गैरहजर रवली नाय."

मी खोडलं.

नाताळबाय शनिवारी रेडीला, तिच्या बहिणीच्या गावी, वारली. हृदयाचा त्रास होता. थोडे दिवस इस्पितळात काढले आणि तिथंच संपलं. रविवारी आम्ही चौघं माती द्यायला जाऊन आलो. बाबलच्या गाडीच्या टायरांना रेडीची तांबडी धूळ अजून तशीच होती. कुणाची झोप झालेली नव्हती, चहा करायलाही कुणी उठत नव्हतं. बैठक पुढं ढकलता आली असती तर मी ढकलली असती. पण गुरुवार ढकलता येत नव्हता.

बैठकीपुढं विषय एकच: सदाला कुणी सांगायचं?

सदा वरच्या गावातल्या एका आंब्याच्या बागेत कामाला आहे. चाळिशीचा असेल. दर गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतो, केंद्राबाहेरच्या बाकावर नाताळबायबरोबर बसतो, चहा पितो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. एकदा तो जीव द्यायचं ठरवूनच घरातनं निघाला होता. त्यानंतर तो एका गुरुवारापासून दुसऱ्या गुरुवारापर्यंत जगत आला आहे. हे माझे शब्द नाहीत, त्यानंच डॉक्टरांना असं सांगितलं. औषध तो घेतो, मेघाशी अधूनमधून बोलतो, पण त्याचा खुंटा म्हणजे गुरुवार. मागच्या गुरुवारी बाय इस्पितळात होती. मेघानं त्याला सांगितलं, बाय रेडीला आहे, तिला बरं नाही. त्या दिवशी ते खरं होतं. तो रिकाम्या जागेशेजारी चहा पिऊन म्हणाला, "मगे फुडच्या गुरवारी येतंय." आणि गेला. त्याच्या वाडीत फोन लागत नाही.

डॉक्टर म्हणाले, "लपवायचं नाही. आडून सांगायचं नाही. 'देवाघरी गेली' नको, नुसतं 'गेली'सुद्धा नको. पहिल्याच वाक्यात 'वारली' हा शब्द यायला हवा. आणि सांगून झाल्यावर त्याला एकट्याला सोडायचं नाही."

हे सगळ्यांना पटलं. सांगायचं कुणी, यावर मात्र सगळे अंगणाकडे बघायला लागले.

बैठक संपवायची वेळ आली तेव्हा आणखी एक अडचण लक्षात आली. आमची प्रत्येक बैठक नाताळबाय संपवायची. चमच्यानं टेबलावर दोनदा टकटक. एसटीच्या कंडक्टरची घंटी: एकदा वाजवली तर थांब, दोनदा वाजवली तर चल. त्या सोमवारी आम्ही चौघं नुसते बसून राहिलो.

ही नाताळबाय कोण, ते सांगते.

तिचं खरं नाव नातालिना. जन्म नाताळातला. कणकवली डेपोत कंडक्टर होती. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे मदतनीस म्हणून आली. गुडघ्याखाली जाणारा फुलाफुलांचा झगा आणि त्यावर खांद्याला कंडक्टरची जुनी चामड्याची पिशवी. पिशवीत तिकिटं नव्हती. आल्याच्या वड्या, सेफ्टी पिना, जपमाळ, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि इतरांना लागतील म्हणून स्वच्छ धुतलेले रुमाल.

केंद्राची व्यवस्था माझ्याकडे, म्हणून मुलाखत मी घेतली होती. विचारलं, "अनुभव काय?"

"आख्खो जल्म लोकांक चढवलंय आणि उतरवलंय."

"माणसं इथं कधीकधी फार चिडलेली असतात. मारामारीची वेळ आली तर?"

"तू बाजाराच्या दिवशी गाडयेत चढलंस कदी? कोंबड्यांसकट?"

मी तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. ते तिनं बघितलं आणि त्या दिवसापासून माझं नाव 'यादी' ठेवलं. "गो यादी, माझी रजा लिवलंस?" "गो यादी, तुझ्या कागदार माका रडाक खंयचो वार ठेवलंस?" माझ्या हातात कायम कागद असतो हे खरं आहे. कागद नसता तर हे केंद्र पहिल्याच पावसाळ्यात बंद पडलं असतं, हेही खरं आहे. ते तिलाही माहीत होतं, पण तिनं कबूल केलं नाही.

केंद्र म्हणजे जामसंडं मागं टाकून कणकवलीकडे निघालं की लागणारं एक भाड्याचं कौलारू घर. एखाद्याच्या मनाचा तोल सुटतो, जगणं नकोसं होतं, किंवा दुसऱ्या कुणाला न ऐकू येणारं त्याला ऐकू यायला लागतं. अशा वेळी त्याला कोंडण्याआधी, बांधण्याआधी आणता यावं अशी जागा. खाटा आहेत, मेघा समुपदेशक आहे, डॉक्टर ठरल्या दिवशी कणकवलीहून येतात आणि बाकी दिवस फोनवर असतात. इस्पितळाची गरज असेल तर बाबल नेतो. नसेल तर माणूस काही तास किंवा काही दिवस राहतो आणि घरी जातो. दाराला बाहेरून कडी नाही.

उघडल्यावर सुरुवातीला कुणीच आलं नाही. आम्ही रस्त्यावर भला मोठा फलक लावला होता, 'मानसिक संकट आधार केंद्र', निळ्या अक्षरांत. नाताळबायनं कामाच्या पहिल्या दिवशी तो रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वाचला.

"ह्या बोर्डाखालसून मी सुदा भितर येवची नाय."

"का?"

"गो, हडे कोण शिरलो तां तो भायर पडाच्या आदी त्येच्या घराक कळता. मगे चेडवाचा लगीन कोण करतला?"

मी म्हटलं, लोकांची लाज काढून टाकणं हेच तर आपलं काम आहे. ती म्हणाली, "काड मगे. तवसर मी बाक घालतंय."

बाबलला हाताशी धरून तिनं गेटाबाहेर, काजूच्या झाडाखाली, एक लांब बाक घातला. वर पत्र्याचं छप्पर. छपराला एसटीच्या थांब्यासारखा रंग. फलक काढून आत पडवीत लावला. बाकावर बसलेल्या माणसाला रस्त्यावरून जाणारा कुणी विचारत नाही, का बसलास म्हणून. गाडीची वाट बघतोय, बस. तिथं गाडी थांबत नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात येईल तेव्हा येईल.

आणि माणसं यायला लागली. बाकावर बसायची, उठून जायची. दुसऱ्या दिवशी परत यायची. जामसंड्याची एक बाई भाजीची पिशवी घेऊन कितीतरी दिवस नुसती बसून जायची. नाताळबाय दुसऱ्या टोकाला बसून लसूण सोलायची. काही विचारायची नाही. एके दिवशी ती बाईच म्हणाली, "माझी गाडी काय येणा नाय." नाताळबाय म्हणाली, "नाय येवंदे. भितर पंखो आसा." त्या बाईला आत आणल्यावर तिच्या नवऱ्याचं, सासूचं, रोज सकाळी उठल्यावर छातीवर बसणाऱ्या दगडाचं सगळं बाहेर आलं. आज ती स्वतः कधीमधी त्या बाकावर दुसऱ्या कुणाशेजारी बसलेली दिसते.

घोटाळा एकच झाला. काही लोक खरोखरच गाडीची वाट बघायला बसले. जामसंड्याचे एक आजोबा तास दीड तास बसून उठले आणि गेटातून ओरडले, "कोण गो ती बाक घालणारी? गाडी थांबणा नाय तर बाक कित्याक घातलंस? लोकांका उनात सुकवूक?"

नाताळबायनं पिशवी खांद्याला लावली आणि पुढची गाडी येताना सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर तिच्याच डेपोतला. त्यानं करकचून ब्रेक लावला. "बाय! मराचा आसा काय तुका?"

"माका नाय. म्हाताऱ्याक कणकवलेक जावचा आसा. आणि आयक, आतापासून हडे थांबाचा."

तेव्हापासून गाडी थांबते. माणसं चढली-उतरली की नाताळबाय बाहेर येऊन गाडीच्या पत्र्यावर दोन सणसणीत थापा मारायची आणि मगच ड्रायव्हर हलायचा. तिची थाप पडली नाही तर गाडी उभी. आतले लोक ओरडायचे, कंडक्टर घंटी ओढायचा, ड्रायव्हर म्हणायचा, "बाय येवंदे." एसटीच्या कुठल्याही कागदावर हा थांबा नाही. मी रीतसर अर्ज करायचं ठरवून यादीत लिहिलं, तर म्हणाली, "अर्ज केलंस तर ते विचार करतले. विचार केलो तर नाय म्हणतले. आता गाडी थांबता मां? मगे गप रव."

तिचं काम कसं चालायचं ते एका प्रसंगातून कळेल. आंब्याच्या हंगामात टेम्पोतनं एका तरुण माणसाला आणलं. हातपाय दोरीनं बांधलेले, बरोबर दोन चुलतभाऊ. बरेच दिवस झोप नाही, घरातली भांडी विहिरीत टाकलेली, देवळात कौल लावून झालेला. नाताळबाय गेटातच आडवी उभी.

"दोरी सोडा."

"बाय, तो मारता."

"माका मारात. बांधून हाडलेलो माल गाडयेच्या टपार जाता, भितर नाय. सोडा. आणि तुमी दोघा बाकार जावन बसा, तुमचे हात कापतत."

दोरी सुटली. तो मारायला धावला नाही, पण तोंड सोडलं. आमच्याकडे शिव्यांना तोटा नाही हे जगाला माहीत आहे. त्यानं नाताळबायच्या आईपासून सुरुवात करून वरच्या सगळ्या पिढ्या काढल्या. मेघा लाल झाली. नाताळबाय हाताची घडी घालून नीट ऐकत होती. तो श्वास घ्यायला थांबल्यावर म्हणाली, "शेवटची बरी होती. बाकीचे सगळे माका डेपोत घालून झालेहत. नवीन काय तां सांग."

तो थबकला. त्याला बहुधा त्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी आणखी बोलायला सांगत होतं.

मग दोघं आवारात चालायला लागले. तो पुढं, ती मागं, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर. पुढं कधीच जायची नाही. "फुडे गेलंय तर वाट अडवल्यासारख्या वाटता." फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितलं. तो घेईना. विष आहे म्हणाला. नाताळबायनं पिशवीतून आपली रक्तदाबाची गोळी काढली. "ही माझी. ती तुझी. एकदम घेवया. आदी कोण मरता बघया." दोघं एका तांब्यातलं पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी तो बाबलच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून, दोरीशिवाय इस्पितळात गेला.

आणि ते चुलतभाऊ? त्यांतला मोठा बाकावर बसून रडत होता. नाताळबाय त्यांना चहा देऊन आली आणि मला म्हणाली, "ह्येंचा नाव लिव. पिसो एक आसता, जागे सगळे रवतत." त्या दिवसापासून आमच्या कामात घरच्यांसाठी वेगळा वेळ आला. ती गोष्ट माझ्या यादीत आधी नव्हती.

माझ्या बोलण्यावर तिचा कायमचा राग. मी इथलीच, पण नोकरीच्या वर्षांत पुस्तकी मराठीची सवय लागली. नवीन आलेल्या माणसाला मी म्हणायची, "बसा, आपलं नाव काय?" ती मागनं कुजबुजायची, "गो, तू बोललंस काय माणूस आपसूक आधारकार्ड काडता." एकदा खरंच एकानं काढलं. सगळे हसले, तोही हसला. मला हसू आलं नाही, पण मी तेव्हापासून 'नाव काय रे तुजा' असं म्हणायला लागले.

ती काही संत नव्हती. नाक खुपसण्याची सवय भयंकर. मेघाच्या लग्नाची तिला मेघाच्या आईपेक्षा जास्त घाई. भात सोडून स्वयंपाक येत नव्हता आणि भातही कधीकधी येत नव्हता. घरच्या लोकांवर फार लवकर चिडायची. आणि एकदा तिची मोठी चूक झाली. कणकवलीच्या कॉलेजातली एक मुलगी आली होती. गप्प, डोळे मिटून पडलेली. नाताळबायनं ठरवून टाकलं, परीक्षेचा शीण आहे, निजू दे. मेघा म्हणत होती डॉक्टरांना फोन करूया. ही म्हणाली, "निजलेल्या पाशिंजराक उठवू नये." मुलगी दुसऱ्या दिवशीही पाणी घेईना तेव्हा मेघानंच फोन केला. डॉक्टर धावत आले, तिला ताबडतोब इस्पितळात हलवलं आणि मग सगळ्यांसमोर नाताळबायला बोलले. चांगलंच बोलले. ती बाकावर जाऊन बसली. आम्ही कुणी गेलो नाही, मग मेघा गेली. परत आल्यावर बाय म्हणाली, "माझो अंदाज चुकलो. ह्या चेडवान फोन केल्यान म्हणान ती जगली." त्यानंतर ती प्रत्येक वेळी आधी डॉक्टरांना फोन लावायची, रेंजसाठी हात उंच करून अंगणभर फिरत, आणि स्पीकरवर ओरडायची, "डॉक्टर, मी काय करू तां सांगा, माका काय्येक कळणा नाय!" ती मुलगी बरी झाली. तोपर्यंत बाय दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तिला बघायला इस्पितळात जायची.

मी एकदा विचारलं, तुला थकायला होत नाही का? पावसाळ्याचे दिवस होते, खाटा भरलेल्या, ती बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसली होती. मला स्वतःलाच इतकं थकायला झालं होतं की उत्तर काहीही चाललं असतं.

"थकतंय तर. गाडी बंद पडली काय पाशिंजर उतरून ढकलतत. आमचे पण ढकलतत, बग." खरंच, त्या बादलीतलं पाणी आत राहणाऱ्या एका बाईनं तापवून दिलं होतं.

आता सदा.

ड्रायव्हर-कंडक्टरांना बाक ठाऊक झाल्यावर एक गोष्ट आपोआप सुरू झाली, कुणी ठरवली नाही. एका दुपारी गाडी थांबली आणि तरुण कंडक्टरनं एका माणसाला दंडाला धरून खाली उतरवलं. त्या कंडक्टरला नाताळबायनंच काम शिकवलं होतं. तो म्हणाला, "बाय, ह्येका तीनदा इचारलंय खंय उतराचा आसा. तो म्हणता, खंयचाय तिकीट देवा. तिकीट कसला फाडू? म्हणान तुझ्याकडे हाडलंय."

तो सदा. पायात चपला नव्हत्या, हातात काही नव्हतं.

नाताळबाय त्याच्या शेजारी बसली. मग त्यानं सांगितलं की आपण परत न जाण्यासाठी निघालो आहोत. ती घाबरली नाही, उपदेश केला नाही. 'आईचा विचार कर' म्हणाली नाही. घरातून निघताना काय ठरवलं होतंस, अजून तसंच वाटतं का, हे सरळ विचारलं. मग डॉक्टरांना फोन केला. सदा आमच्याकडे काही दिवस राहिला. औषध सुरू झालं, त्याची आई येऊन गेली. जायच्या दिवशी बाकावर बसून त्यानं तिला विचारलं, "बाय, असाच परत वाटला तर?"

"वाटात. तेव्हा खंयच्याय गाडयेत बस, हडे उतर."

"आणि नाय वाटला तर?"

"तरी गुरवारी ये. मी बसलेली आसतलंय."

बस्स. वर्षभराचं वचन तिनं दिलं नाही. पुढच्या गुरुवारचं दिलं. पुढच्या गुरुवारी परत पुढच्या गुरुवारचं. दर वेळी तो उठताना विचारायचा, "फुडच्या गुरवारी मां?" आणि ती म्हणायची, "मां." मां म्हणजे आमच्याकडचं 'ना'. एकदा तो आला नाही तर ती बाबलला घेऊन त्याच्या बागेत जाऊन धडकली. त्याला ताप आला होता. तिनं त्याला तापात शिव्या घातल्या.

सोमवारच्या बैठकीत शेवटी मेघा म्हणाली, "मी सांगते. माझं कामच आहे ते." बाबल म्हणाला, तो माझ्या शेजारच्या वाडीतला, मी घरी जाऊन सांगतो. डॉक्टर म्हणाले घरी नको, घरी आई एकटी आहे. सांगायचं इथंच, मी त्या दिवशी आत असेन. मग ते माझ्याकडे वळले. "बाकावर तुम्ही बसा. बायला उशीर झाला की तुम्हीच त्याला चहा द्यायचात. मेघा दारात असेल."

मी यादीत लिहिलं. गुरुवार: डॉक्टर आत, मेघा दारात, बाबलची गाडी तयार, सदाच्या आईला बुधवारी बाबलकडून निरोप (शुक्रवारी ये, एवढाच), खाट रिकामी ठेवणे, चहा. सर्वांत वर: सदाला सांगणे. लिहिल्यानं काम हलकं होतं असा माझा अनुभव आहे. या वेळी झालं नाही.

गुरुवारी गाडी वेळेवर आली. सदा उतरला. धुतलेला सदरा, पायात चपला, हातात फडक्यात बांधलेली चार शहाळी. बायसाठी असणार. तो बाकाच्या आपल्या टोकाला बसला. मी मधे बसले. तिच्या टोकाला बसायचं धैर्य झालं नाही.

"बाय येवक नाय अजून?"

"सदा," मी म्हटलं, "माका तुका एक वायट सांगाचा आसा. नाताळबाय वारली. शनिवारी. रेडयेक."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. शहाळ्यांचं फडकं मांडीवरून खाली, पायाशी ठेवलं. पुन्हा उचललं. चहा निवला. मी काही बोलले नाही. ते तिच्याकडूनच शिकले होते, पण तिला गप्प बसताना इतकं जड वाटत असेल असं कधी वाटलं नव्हतं. मेघा दारात उभी होती, तिचा हात चौकटीवर.

मग तो म्हणाला, "बसलेली आसतलंय म्हणालेली."

"म्हणालेली."

"तू शेवटची कदी बघलंस तिका?"

मी सांगितलं. ती रेडीला निघाली तो दिवस. याच बाकावर बसून गाडीची वाट बघत होती, फुलाफुलांचा झगा, पिशवी, बहिणीसाठी पिशवीभर कोकमं. गाडी थांबली, ती चढली आणि चढल्या चढल्या कंडक्टरला झापलं, की म्हातारी माणसं बसायच्या आत घंटी कशाला ओढतोस. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मला ओरडली, "थाप मार गो यादी! माका भितरसून मारूक येणा नाय!" माझ्या एका हातात कागद होते. दुसऱ्या हातानं मी पत्र्यावर दोनदा मारलं. ड्रायव्हर जागचा हलला नाही. ती खिडकीत हसत सुटली. "ह्या थापेन सायकलय जावची नाय!" पुन्हा मारलं, जोरात. गाडी गेली. वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

सदा हसला नाही. पण त्यानं विचारलं, "कोकमा कसली, सुकी?"

"सुकी."

त्यानं मान हलवली, जणू हे कळणं गरजेचं होतं. आणि मग तो रडला.

त्या संध्याकाळची गाडी त्यानं सोडली. डॉक्टरांनी त्याला जे विचारायचं ते सरळ विचारलं, त्यानं सरळ सांगितलं: हो, मनात आलं. तो आपणहून आत राहिला. शुक्रवारी त्याची आई आली, तीही राहिली. तिनं केलेला भात सगळ्यांनी खाल्ला. नाताळबायच्या भातापेक्षा तो बरा होता, आणि तसं बाबलनं मोठ्यानं म्हटलं. शहाळी सदानंच सोलली.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही, औषध चालू, मेघाशी बोलणं चालू, सावध राहायचं. बाबल गाडी काढायला लागला तर सदा म्हणाला, एसटीनं जातो. आईला घेऊन बाकावर बसला.

गाडी आली, दोघं चढली. कंडक्टरनं घंटी दोनदा ओढली. ड्रायव्हर हलला नाही. आरशातून गेटाकडे बघत राहिला. त्याला बातमी कळलेली होती, तरी.

मी कागद बाकावर ठेवले आणि दोन्ही हात मोकळे केले.

दुसऱ्या थापेला गाडी हलली. खिडकीतून सदानं विचारलं, "फुडच्या गुरवारी मां?"

"मां," मी म्हटलं.

आता माझ्या यादीत गुरुवारपुढं एवढंच आहे: दुपारची गाडी, सदा, बाक, मी. खूण अजून करायची आहे.